नारिंगी छप्पर

अनोळखी गांवीं, अनोळखी हातांनीं शिजविलेलें अन्न मुकाट्यानें तोंडांत घालणें ही मनुष्याच्या विश्वासाची मोठीच कसोटी होय. घरीं स्वयंपाक कोण करतें, पाणी कोठून येतें, भांडीं कोण घासतें, हें आपणांस ठाऊक असतें. नित्याच्या खाणावळींत हें सारें ठाऊक नसलें, तरी खाणावळवाल्याचा चेहरा ओळखीचा असतो, आणि महिन्याच्या अखेरीस त्याला आपली गरज असते. प्रवाशाच्या बाबतींत हे दोन्ही आधार तुटतात. रस्त्यावरील दुकानदार मनांत म्हणतो कीं, हें गिऱ्हाईक पुन्हां कांहीं आपल्या दारीं येत नाहीं. आणि दुकानदार असें म्हणत असेल हें प्रवाशालाहि कळत असतें! शिळें अन्न, दुप्पट दाम आणि कळकट टेबलें यांचा उगम या परस्परांच्या परकेपणांतच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील एका मनुष्यानें या जुन्या दुखण्यावर एक नवा उपाय काढला. त्या उपायानें असंख्य कुटुंबांचे प्रवास सुखाचे झाले, एक प्रचंड धंदा उभा राहिला, आणि अखेर उपायाचें मर्म विसरल्यामुळें तो धंदा लयास गेला. हॉवर्ड जॉन्सन हें त्या मनुष्याचें नांव, आणि तेंच त्याच्या उपाहारगृहांचेंहि. ही हकीकत वरवर पाहतां व्यापाराची असली, तरी आतिथ्य कशांत आहे आणि अतिथि कोणाला म्हणावें, हे दोन प्रश्न तिच्या पोटांत दडलेले आहेत.

रस्त्यावरचें अन्न आणि अविश्वास यांची सांगड अमेरिकेंतहि जुनीच होती. आगगाडीच्या काळांत फ्रेड हार्वे नांवाच्या एका इंग्रजानें १८७६ सालीं कॅन्सस राज्यांतील टोपीका स्टेशनावर उपाहारगृह काढलें, व पुढें सांता फे रेल्वेच्या मार्गावर ठिकठिकाणीं स्वच्छ टेबलें आणि चांगलें अन्न यांची सोय केली. परंतु आगगाडी ठराविक स्टेशनांवरच थांबते. मोटार कोठेंहि थांबूं शकते. हेन्री फोर्डनें १९०८ सालीं बाजारांत आणलेल्या ‘मॉडेल टी’ गाडीचें उत्पादन १९२७ सालीं बंद केलें, तोंपर्यंत तशा दीड कोट गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या होत्या. शेतकरी, कारकून, शिक्षक असे साधे गृहस्थ बायकामुलांना घेऊन रविवारीं घराबाहेर पडूं लागले. रस्ते वाढले, पण त्यांवरील अन्नाची प्रत कांहीं त्या मानानें वाढली नाहीं. डंकन हाइन्स नांवाचा एक फिरता विक्रेता आपल्या प्रवासांत बऱ्या निघालेल्या उपाहारगृहांचीं टांचणें ठेवीत असे. १९३६ सालीं त्यानें त्या टांचणांचें पुस्तकच काढलें, आणि तें चांगलेंच खपलें. चांगलें अन्न कोठें मिळेल हें कळण्यासाठीं लोकांना पुस्तक विकत घ्यावें लागावें, यावरूनच वाईट अन्न किती सुलभ होतें हें दिसून येईल.

हॉवर्ड डीअरिंग जॉन्सन हा मॅसॅच्युसेट्स राज्यांतील, बोस्टन शहराला लागून असलेल्या क्विन्सी गांवचा. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें सैनिक म्हणून जाऊन तो परत आला, तेव्हां वडिलांचा सिगारचा धंदा मोडकळीस आलेला होता. वडिलांच्या पश्चात् त्या धंद्याचें कर्ज तेवढें त्याच्या वांट्यास आलें. १९२५ सालीं त्यानें २,००० डॉलर उसने काढून क्विन्सीच्या वोलास्टन भागांत औषधांचें एक लहानसें दुकान घेतलें. त्या काळीं अमेरिकेंत औषधांच्या दुकानांतच सोडावॉटर आणि आइस्क्रीम मिळण्याचा रिवाज होता. औषधांपेक्षां त्या बाजूसच गिऱ्हाइकांची गर्दी अधिक होते, हें जॉन्सनच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें आइस्क्रीमवर प्रयोग आरंभिले. स्वस्ताईचा मोह टाळून त्यानें त्यांतील स्निग्धांश वाढविला. स्वाद वाढतां वाढतां २८ झाले, व ‘अठ्ठावीस स्वाद’ हें पुढें त्याच्या दुकानांचें बिरुदच बनलें. उन्हाळ्यांत समुद्रकिनाऱ्यावर ठेले मांडूनहि तो आइस्क्रीम आणि हॉट डॉग विकूं लागला.

१९२९ सालीं क्विन्सींतील एका पेढीच्या दहा मजली इमारतीच्या तळमजल्यावर त्यानें मोठें उपाहारगृह उघडलें. त्याच वर्षीं शेजारच्या बोस्टनमध्यें एक गंमत घडली. यूजीन ओ'नील या नाटककाराचें ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ हें नऊ अंकी नाटक बोस्टनचे नगराध्यक्ष माल्कम निकोल्स यांना अनीतिकारक वाटलें, व त्यांनीं त्यास मनाई केली. नाटकमंडळीनें आपलें बिऱ्हाड क्विन्सीस हलविलें. सुमारें पांच तासांच्या त्या प्रयोगांत मध्यंतरीं जेवणासाठीं सुट्टी असे. आणि नाट्यगृहाच्या जवळच जॉन्सनचें उपाहारगृह होतें. नाटकाच्या ओढीनें आलेले बोस्टनचे शिष्ट लोक भुकेच्या ओढीनें त्याच्या दारीं आले, आणि जातांना त्याचें नांव बरोबर घेऊन गेले. बंदीमुळें नाटकाची कीर्ति वाढावी, हें जगाच्या रीतीस धरूनच झालें. पण तिच्यामुळें एका आइस्क्रीमवाल्याचीहि कीर्ति वाढली, ही त्यांतली मौज!

लगेच ऑक्टोबरांत शेअरबाजार कोसळला. धंदा वाढविण्याची उमेद होती, पण पैसा मिळणें दुर्घट झालें. या अडचणींतूनच जॉन्सनची खरी युक्ति जन्मास आली. १९३५ सालीं केप कॉड या समुद्रांत शिरलेल्या भूभागावरील ऑर्लिन्स गांवीं त्यानें आपल्या एका परिचिताकडून उपाहारगृह काढविलें. भांडवल परिचिताचें, नांव, पाककृति आणि शिस्त जॉन्सनची. पदार्थहि जॉन्सनकडूनच घ्यावयाचे, अशी अट. या पद्धतीला ‘फ्रँचाइज’ म्हणतात. आज जगभर पसरलेलीं खाद्यपदार्थांचीं दुकानें ज्या रीतीनें चालतात, तिचें हें अगदीं आरंभींच्या उदाहरणांपैकीं एक होय. १९३९ सालापर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील रस्त्यांच्या कडेला अशीं शंभराहून अधिक उपाहारगृहें उभीं राहिलीं.

परंतु आपलें नांव दुसऱ्याच्या हातीं देणें म्हणजे आपली अब्रू दुसऱ्याच्या हातीं देणें होय. एका गांवच्या मालकानें शिळें सूप वाढलें, तर शंभर गांवीं नांव बद्दू होतें. यासाठीं जॉन्सननें दोन गोष्टी केल्या. पहिली छपराची. न्यू इंग्लंडमधील जुन्या घरांच्या धर्तीवर पांढऱ्या फळ्यांची इमारत, तिच्या माथ्यावर लहानसा मनोरा व वाऱ्याची दिशा दाखविणारें पातें, आणि सर्वांवर भडक नारिंगी छप्पर, असा नमुना त्यानें ठरवून टाकला. जोसेफ मॉर्गन हा त्याचा शिल्पज्ञ. पाटीवर ‘सिंपल सायमन’ या इंग्रजी बालगीतांतील भोळा मुलगा व ‘पाय’ विकणारा फेरीवाला यांचें चित्र असे. छपराचा तो रंग केवळ शोभेसाठीं नव्हता. वेगानें येणाऱ्या मोटारवाल्याला तो दुरूनच दिसावा, आणि गाडी थांबवावी कीं नाहीं हें ठरविण्यास त्याला अवकाश मिळावा, हा त्यांतील हेतु. हार्वेच्या उपाहारगृहापाशीं आगगाडी आपोआप थांबे. येथें मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला हांक मारावी लागे, आणि ती हांक छप्पर मारीत असे.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. पदार्थ मध्यवर्ती मुदपाकखान्यांत तयार व्हावेत, तेथेंच त्यांचे ठराविक वजनाचे वांटे पडावेत, ते गोठवून शाखोशाखीं पाठवावेत, आणि शाखेंतील आचाऱ्यानें ते फक्त गरम करून किंवा तळून वाढावेत, अशी व्यवस्था हळूहळू रूढ झाली. तळलेले शिंपले, म्हणजे आपल्या कोंकणांतील तिसऱ्यांचे भाऊबंद, हा जॉन्सनचा एक गाजलेला पदार्थ. इप्स्विच येथील एक व्यापारी घराणें त्यांच्या मांसाच्या पट्ट्या कापून पुरवीत असे. ज्यांनीं समुद्र कधीं पाहिला नव्हता अशा गांवच्या लोकांनाहि त्या पट्ट्यांची चटक लागली. शाखांना वागणुकीचे लेखी नियम दिलेले असत, आणि स्वतः जॉन्सन मोटारींतून हिंडत अचानक एखाद्या शाखेंत उतरून तपासणी करी. या पद्धतींत आचाऱ्याच्या हातच्या गोडीला वाव राहिला नाहीं, हें खरें. पण त्या हाताचा भरंवसा नाहीं, ही धास्तीहि राहिली नाहीं. मालकाचा चेहरा ओळखीचा नव्हता. त्याची जागा ओळखीच्या छपरानें घेतली.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ बायकामुलांना झाला. मालवाहू मोटारी हांकणारे व फिरते विक्रेते यांचें रस्त्यावरील ठेल्यांत कसेंबसें भागे. मुलांबाळांना घेऊन निघालेल्या गृहिणीला तेथें पाऊल टाकणें प्रशस्त वाटत नसे. नारिंगी छपराखालीं तिला स्वच्छ शौचगृह मिळे, मुलांसाठीं पदार्थांची निराळी यादी असे, आणि बिल किती होईल याचा अंदाज दारांत शिरण्यापूर्वींच बांधतां येई. काल ज्या चवीचें आइस्क्रीम घराजवळ खाल्लें, तेंच दोनशें मैलांवर मिळतें, ही गोष्ट मुलांना चमत्कारासारखी वाटे, आणि आईबापांना दिलाशासारखी.

१ ऑक्टोबर १९४० रोजीं पेनसिल्व्हेनियांतील १६० मैलांचा पथकराचा नवा राजरस्ता खुला झाला, आणि त्यावरील विसाव्याच्या ठिकाणीं अन्न पुरविण्याचा मक्ता जॉन्सनला मिळाला. अशा रस्त्यावरून मध्येंच उतरून दुसरीकडे जेवावयास जाणें सोयीचें नसतें. म्हणजे गिऱ्हाईक जणूं हातीं आणून दिल्यासारखेंच झालें. पण लवकरच अमेरिका युद्धांत उतरली. पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण बसलें, सहलीचा प्रवास थांबला, आणि १९४४ सालीं जॉन्सनचीं अवघीं १२ उपाहारगृहें चालूं राहिलीं. सैनिकांना व युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील कामगारांना अन्न पुरवून त्यानें तग धरला. युद्ध संपतांच मोटारी पुन्हां रस्त्यावर आल्या. १९५४ सालीं ३२ राज्यांत मिळून ४०० उपाहारगृहें झालीं होतीं, आणि त्याच वर्षीं जॉर्जियांतील सव्हाना येथें त्याच नांवाचें, रात्रीं मुक्कामाला उतरण्याचें पहिलें ठिकाणहि निघालें.

येथपर्यंतची हकीकत निर्भेळ यशाची वाटेल. परंतु ‘कोठेंहि जा, येथें तुम्ही परके नाहीं’ असें जें आश्वासन तें छप्पर दुरून देत होतें, तें नेमकें कोणाला होतें? १९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत डेलावेअर राज्यांतील डोव्हर येथील हॉवर्ड जॉन्सन उपाहारगृहांत एका पाहुण्यानें संत्र्याचा रस मागितला. त्यांचें नांव कोमला अग्बेली ग्बेडेमाह. त्याच वर्षीं ६ मार्च रोजीं स्वतंत्र झालेल्या घाना देशाचे ते अर्थमंत्री होते. त्यांना रस मिळाला, पण आंत बसून तो पिण्याची मनाई झाली. कारण त्यांचा वर्ण काळा होता. थोड्याच महिन्यांपूर्वीं अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्यास गेले होते. तुमचे उपाध्यक्ष आमच्या देशांत माझ्या घरीं जेवूं शकतात, तर तुमच्या देशांत रस्त्याकडेच्या दुकानांत मला बसतां येऊं नये, हें कसें, अशा आशयाचा प्रश्न ग्बेडेमाह यांनीं केला. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं त्यांना व्हाइट हाउसमध्यें न्याहारीस बोलावून दिलगिरी दर्शविली. याच्या दोनच वर्षें आधीं, १९५५ सालीं, भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांनाहि टेक्सासमधील ह्यूस्टन विमानतळावरील उपाहारगृहांत असाच अनुभव आला होता. इतर गिऱ्हाइकांपासून वेगळें करून त्यांना निराळ्या खोलींत बसविण्यांत आलें, आणि परराष्ट्रमंत्री डलेस यांना त्यांची क्षमा मागावी लागली.

मंत्र्याला न्याहारीचें आमंत्रण येतें, राजदूताला क्षमापत्र येतें. पण अमेरिकेंतीलच साध्या कृष्णवर्णीय कुटुंबाला काय मिळत होतें? तें कुटुंब घरूनच शिदोरी बांधून निघे. डंकन हाइन्सचें पुस्तक ज्या १९३६ सालीं निघालें, त्याच सालीं न्यूयॉर्कमध्यें व्हिक्टर ग्रीन नांवाच्या कृष्णवर्णीय टपालवाल्यानें आपल्या समाजाच्या प्रवाशांसाठीं एक मार्गदर्शिका काढली. पहिल्या पुस्तकांत अन्न कोठें चांगलें मिळेल हें सांगितलेलें होतें. दुसऱ्यांत अपमान न होतां तें कोठें मिळेल एवढेंच सांगितलेलें होतें.

आपल्या भाषेंत याला पंक्तिभेद म्हणतात, आणि तो ओळखण्यास आपणांस पुस्तकाची गरज नाहीं. जॉन्सनच्या बाबतींत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ताटांतील पदार्थांविषयीं त्याचा नियम सर्वत्र एकच होता. दाराविषयींचा नियम मात्र ज्या त्या गांवचा होता. शिंपल्यांचें वजन मध्यवर्ती मुदपाकखान्यांत ठरे. त्या शिंपल्यांपाशीं कोणीं बसावें, हें दक्षिणेकडील गांवांची रूढि ठरवी. छपराचा रंग बदलण्याची मुभा नसलेल्या मालकाला माणसाच्या रंगावरून गिऱ्हाईक परत लावण्याची मात्र मुभा होती. १९६२ सालीं नॉर्थ कॅरोलिनांतील डरहॅम येथें याच उपाहारगृहापुढें कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठीं निदर्शनें केलीं. ‘कोअर’ या समतावादी संस्थेनें त्या वर्षीं हमरस्त्यांवरील उपाहारगृहांविरुद्ध जी चळवळ चालविली, तिचा रोंख मुख्यतः याच नांवावर होता. ज्याचें छप्पर सर्वांत ठळक, त्याचें दारहि सर्वांच्या डोळ्यांवर यावें, हें साहजिकच होय. अखेर २ जुलै १९६४ रोजीं नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि असा भेद बेकायदा ठरला.

आपल्याकडे डॉ. आंबेडकर ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिनें तयार केलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत उपाहारगृहें सर्वांस खुलीं असल्याचें स्पष्ट लिहिलें गेलें, आणि ती घटना २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आली. म्हणजे अमेरिकेच्या चौदा वर्षें आधीं. पण यावरून हुरळून जाण्याचें कारण नाहीं. निराळ्या कपबशीची रीत कलम लिहिल्याच्या दिवशींच संपली नाहीं, हें आपण जाणतोंच.

दार असें उघडत होतें त्याच सुमारास आंतील स्वयंपाकघराची गोष्ट दोन दिशांनीं चालली होती. १९६० सालीं न्यूयॉर्कच्या ‘ल पाव्हियों’ या प्रसिद्ध फ्रेंच उपाहारगृहांतील पिएर फ्राने आणि जाक पेपँ या दोन निष्णात आचाऱ्यांना जॉन्सननें आपल्या मुदपाकखान्यांत आणलें. पेपँला त्याच सुमारास अध्यक्ष केनेडी यांच्याकडील आचाऱ्याची जागा येत होती. ती सोडून त्यानें ही पत्करली. आरंभीं कांहीं महिने त्याला एका गजबजलेल्या शाखेंत शिंपले तळावयास आणि हॉट डॉग भाजावयास उभें केलें. त्यानंतर त्या दोघांनीं बनावट लोण्याऐवजीं खरें लोणी, वाळविलेल्या कांद्याऐवजीं ताजा कांदा, असे बदल करीत हजारों लोकांचें अन्न एकदम सुधारण्याचें काम हातीं घेतलें. पेपँ तेथें दहा वर्षें राहिला. एकसारखें अन्न हें वाईटच असलें पाहिजे, असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

पण दुसरी दिशा जोरावर होती. १९५९ सालीं जॉन्सननें कारभार मुलाच्या हातीं दिला. १९६१ सालीं कंपनीचे शेअर बाजारांत आले. दर तिमाहीस भागधारकांना नफा दाखविण्याची पाळी आली, आणि नोकर कमी करा, पदार्थांवरील खर्च कमी करा, हा मंत्र सुरू झाला. विस्तार होतच होता. १९७५ च्या सुमारास हजाराहून अधिक उपाहारगृहें व पांचशेंहून अधिक मुक्कामाचीं ठिकाणें झालीं होतीं. परंतु आंतून भिंत पोखरली जात होती. नव्या राजरस्त्यांच्या तोंडाशीं मॅक्डोनल्डसारखीं दुकानें उभीं राहिलीं. तीं याच पद्धतीनें चालत. पण पदार्थ थोडे, दर स्वस्त, आणि हातांत पुडा यावयास दोन मिनिटें पुरेत. १९७३ सालीं तेलाची टंचाई झाली, तेव्हां ज्याचें पोट प्रवाशांवर, त्याला तिचा फटका अधिकच बसला. थोरला जॉन्सन १९७२ सालींच वारला होता. त्याचीं छपरें तेवढीं अजून चमकत होतीं.

ओळखीच्या छपराचा एक धोका असा आहे कीं, तें जसें विश्वास पसरवितें, तसाच अविश्वासहि पसरवितें. एका शाखेंत थंड सूप मिळालेला प्रवासी दुसऱ्या गांवचें नारिंगी छप्पर पाहून गाडीचा वेग वाढवितो. पूर्वीं जें दुरून ‘थांबा’ म्हणत असे, तेंच आतां ‘पुढें जा’ म्हणूं लागलें. १९७९ सालीं कंपनी इंपीरियल ग्रुप या ब्रिटिश कंपनीस विकण्याचा सौदा ठरला. ही मूळची तंबाखूची कंपनी. बापाच्या सिगारच्या कर्जांतून डोकें वर काढलेल्या माणसाचा वारसा अखेर तंबाखूवाल्यांच्या घरीं गेला. १९८५ सालीं तो पुन्हां विकला गेला, व नव्या मालकानें पुष्कळ शाखांचें नांव व रूप बदलून टाकलें. शेवटीं न्यूयॉर्क राज्यांतील लेक जॉर्ज येथें एकच उपाहारगृह उरलें होतें. तेंहि २०२२ सालीं बंद झालें. हॉवर्ड जॉन्सन हें नांव आज कांहीं निवासगृहांवर आहे. त्याच्या नांवाचें अन्न कोठें मिळत नाहीं.

या इतिहासावरून कोणी एवढाच बोध घेईल कीं, मोठा धंदा झाला म्हणजे अन्न बिघडतें. मला तो अपुरा वाटतो. चेहऱ्याच्या ओळखीवांचून विश्वास निर्माण करतां येतो, हें जॉन्सननें सिद्ध केलें, आणि ती लहान गोष्ट नव्हे. पण तसा विश्वास एकदां मिळविला म्हणजे कायमचा झाला, असें होत नाहीं. तो रोजच्या रोज, प्रत्येक शाखेंत, प्रत्येक ताटाबरोबर पुन्हां मिळवावा लागतो. आणि दारापाशींच ज्याला परत लावलें, त्याच्यापुरता तर तो कधीं मिळविलेलाच नसतो. आज आपल्याहि रस्त्यांच्या कडेला एकाच नांवाच्या, एकाच रंगाच्या पाट्या दिसूं लागल्या आहेत. त्यांचें मोल त्यांच्या रंगावरून ठरणार नाहीं. मालक जवळ नसतांना आंत अन्न कसें शिजतें, आणि बाहेर उभा असलेला अगदीं साधा, अनोळखी माणूस संकोच न वाटतां आंत येऊन बसूं शकतो कीं नाहीं, यांवरून तें ठरेल.